साध्या रेड वाइनचा रंग छायाचित्रात खरा कसा यावा?

प्रश्न
रेस्टॉरंटमध्ये ग्लासवर मिळणाऱ्या साध्या रेड वाइनची छायाचित्रे मी नोंद म्हणून फोनवर काढून ठेवतो. डोळ्यांना गडद लाल दिसणारी वाइन छायाचित्रात एक तर काळी उतरते, नाहीतर पिवळ्या दिव्यांमुळे विटकरी दिसते. यावर उपाय काय? आणि अशा रोजच्या वाइनमध्ये बारकाईने पाहण्यासारखे मुळात काही असते का?

प्रतिसाद १
ग्लासच्या पोटात वाइनचा थर जाड असतो आणि समोरून पडलेला प्रकाश त्यातच शोषला जातो, म्हणून ती काळी दिसते. प्रकाश मागून यायला हवा. खिडकी पाठीमागे घेणे उत्तम. ते जमत नसेल तर मेन्यूकार्डाची कोरी बाजू ग्लासच्या आड लपेल अशी मागे धरावी. फ्लॅश मात्र नकोच, कारण काचेवर त्याचा पांढरा ठिपका उमटतो. पिवळ्या दिव्यांखाली व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची कॅमेऱ्यातील रंगजुळणी) ३००० केल्व्हिनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक) आसपास हाताने ठेवावा. छायाचित्र ग्लास फिरवण्यापूर्वीच काढावे. नंतर काचेवर ओघळ राहतात.

प्रतिसाद २
वरील सूचनेतील व्हाइट बॅलन्सचा मुद्दा आस्वादाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. पांढऱ्या नॅपकिनवर ग्लास तिरपा धरला, की कडेला वाइनचा थर पातळ होतो आणि तिचे वय तिथे दिसते: ताज्या वाइनच्या कडेला जांभळी छटा असते, तर वर्षे सरतात तसे अँथोसायनिन ही रंगद्रव्ये टॅनिनशी (वाइनमधील तुरट घटकांशी) जोडली जाऊन ती छटा विटकरी होत जाते. म्हणजे पिवळा उजेड तुमच्या छायाचित्रात तरुण वाइनला उगाच म्हातारी करतो! काचेवरच्या ओघळांवरून मात्र दर्जा ठरवू नये. अल्कोहोल उडून गेल्याने पृष्ठताणात पडणाऱ्या फरकातून ते तयार होतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे स्पष्ट केले होते.

प्रतिसाद ३
साधी वाइन बहुधा लवकर पिण्यासाठीच केलेली असते, त्यामुळे तिच्यात फळांचा ताजा वास शोधावा. तिच्याकडून जुन्या वाइनची गुंतागुंत मागणे अन्यायाचे आहे. उबदार खोलीत तिचे अल्कोहोल नाकाला झोंबते, म्हणून बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगण्यात संकोच नसावा. १४ ते १६ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. ग्लासवर मागवत असाल, तर बाटली कधी उघडली हे आधी विचारा. हवा लागून दोन-तीन दिवस झाले असतील तर फळांचा वास बसलेला असतो, आणि तशी वाइन छायाचित्रात कितीही देखणी आली तरी दुसरी बाटली उघडायला सांगावी.