मामाच्या हापूसची साइट कुठे ठेवू?

हापूस_आणि_हुक्स: मामाची बाग देवगडला. त्याच्यासाठी रिॲक्ट आणि व्हीट (Vite) या जावास्क्रिप्टच्या साधनांत साइट केलीय: पेट्यांचे भाव, फोटो, ऑर्डर थेट व्हॉट्सॲपवर. बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, नाही. गेल्या वर्षी एका स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर टाकली होती. ऐन पाडव्याला झोपली. तेव्हापासून मामा मला ‘काय इंजिनिअर’ अशी हाक मारतो. मार्च ते मे गर्दी, एरवी शुकशुकाट. व्हर्सेल या होस्टिंगचा फुकटचा प्लॅन घेऊ?

रात्रीचा_डिप्लॉय: व्हर्सेल छानच, पण तो फुकटचा ‘हॉबी’ प्लॅन वैयक्तिक, बिगरव्यावसायिक कामासाठी. पेट्या विकतोस म्हणजे धंदा झाला की! शिवाय त्याची खरी मजा नेक्स्ट जेएस या रिॲक्टवरच्या फ्रेमवर्कला, ते त्यांचंच अपत्य. तुझं बिल्ड (कोडपासून बनलेली तयार साइट) म्हणजे ‘डिस्ट’ फोल्डरातल्या नुसत्या फाइली. क्लाउडफ्लेअर पेजेस हे होस्टिंग बघ. अशा स्टॅटिक (जशाच्या तशा पाठवायच्या) फाइलींना बँडविड्थचं मीटर नाही, महिन्याला ५०० बिल्ड फुकट. एक फाइल मात्र २५ एमबीच्या आत हवी.

चहा_कमी_साखर: गिटहब पेजेस?

रात्रीचा_डिप्लॉय: तिथेही ऑनलाइन धंदा चालवायला मनाई. वर भावाच्या पानावर रिफ्रेश मारलं की ४०४ (‘पान सापडलं नाही’), कारण राउटिंग, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान हे ठरवणं, ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर त्या नावाची फाइलच नाही. क्लाउडफ्लेअर पेजेसवर तू स्वतःचं ४०४ पान ठेवलं नाहीस, तर ते सगळं मुख्य पानाकडेच वळवतं.

हापूस_आणि_हुक्स: काल रात्री क्लाउडफ्लेअरवर चढवली. बागेचा व्हिडिओ ४० एमबीचा, तो अडला, यूट्यूबवर टाकला. मामाची पहिली प्रतिक्रिया: “आंबा फिका दिसतोय रे, बदल.”