थंडीच्या सुट्टीत तान्ह्या बाळाला घेऊन आजी-आजोबांकडे जावे का?

मूळ मुद्दा

येत्या हिवाळी सुट्टीत आम्ही चौघांनी माझ्या सासू-सासऱ्यांकडे जावे की नाही, यावरून आमच्या घरात पंधरा दिवस बोलणे चालू आहे आणि ते मिटत नाही, म्हणून हा विषय येथे मांडते आहे. थोरली मुलगी सात वर्षांची आहे. धाकटा मुलगा सुट्टी लागेल तेव्हा साडेचार महिन्यांचा असेल. गाडीने नऊ तासांचा प्रवास आहे, पण बाळाला दर दोन तासांनी सीटमधून बाहेर काढायचे म्हटले की अकरा तासांच्या आत पोहोचणे होत नाही. लग्नानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात आम्हीच गेलो आहोत आणि आनंदाने गेलो आहोत, हेही सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या रात्री मुलीच्या अंगात थोडी कणकण होती. थंडीने असेल, असे म्हणून आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी होऊन खेळू लागली आणि चौथ्या दिवशी सासरे तापाने फणफणले. पुढचे सहा दिवस त्यांना रुग्णालयात काढावे लागले. आम्हाला कोणी एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्यामुळेच ती गोष्ट अजून मनातून जात नाही. इन्फ्लुएंझाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि त्याची लस बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत देता येत नाही. सासरे आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेले माणूस थंडीमुळे दारे-खिडक्या लावलेल्या एकाच खोलीत दहा दिवस राहणार, ही कल्पना मला झोपू देत नाही. यंदा न जाता उन्हाळ्यात जावे, असे माझे मत आहे. न जाणे म्हणजे वडिलांचे मन मोडणे, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे आहे. तुम्हाला काय वाटते?

पहिला प्रतिसाद

मी स्वतः आजी आहे, तेव्हा माझे मत तुमच्या सासूबाईंच्या बाजूने झुकणार हे आधीच मान्य करते. तुमची भीती खोटी नाही. परंतु 'उन्हाळ्यात जाऊ' हे वाक्य तिशीतल्या माणसाला जितके साधे वाटते तितके ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ऐकणाऱ्याला वाटत नाही. आमचे हे व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलतात तेव्हा फोन इतका जवळ धरतात की त्या मुलाला आजोबांचे फक्त कपाळ दिसते. त्याचे अर्धे बोलणे त्यांना ऐकू येत नाही, तरी ते हसून मान डोलावतात, आणि फोन ठेवल्यावर मला विचारतात की तो काय म्हणाला. याला भेट म्हणायचे असेल तर म्हणा.

आरोग्याचाच हिशेब मांडायचा असेल तर पूर्ण मांडावा. ज्युलियान होल्ट-लन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली होती. ज्यांचे माणसांशी नाते घट्ट होते त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक आढळली. एकटेपणाला थर्मामीटर लावता येत नाही, म्हणून तो आजार नव्हे असे कसे म्हणायचे? बाळ सोडून बाकी सर्वांनी लस घ्यावी, मात्र निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे, कारण शरीरात संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. थोरलीची ही पहिलीच लस असेल तर तिला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतील, तेव्हा आजच डॉक्टरांना विचारा. हात धुवावेत, दुपारच्या उन्हात खिडक्या उघडाव्यात आणि कोणालाही कणकण वाटली तर त्या दिवशी निघू नये. एवढे करून जरूर जावे.

दुसरा प्रतिसाद

आजींचा मान राखून मी वेगळे मत मांडतो. येथे सगळी चर्चा पोहोचल्यानंतर काय होईल याची चालली आहे, पण मला त्या अकरा तासांची काळजी वाटते. मी अनेक वर्षे थंडीत लांबच्या पल्ल्याची गाडी चालवली आहे. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो, म्हणजे ही सुट्टी नेमकी अशा दिवसांत येते की कितीही पहाटे निघाले तरी प्रवासाचा काही भाग अंधारात होणारच. पहाटे धुके, संध्याकाळी पुन्हा धुके, आणि बर्फ पडणारा प्रदेश असेल तर पुलांवरचा रस्ता सर्वांत आधी गोठतो, कारण तेथे थंड हवा वरून आणि खालून अशी दोन्हीकडून लागते. गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते. हे आकडे वाचून समजत नाहीत. ब्रेक दाबल्यावरही गाडी पुढेच सरकत राहते तेव्हा समजतात.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आपण बाळाला जाड जॅकेट घालून सीटमध्ये बसवतो आणि वरून पट्टा आवळतो. पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण अपघाताच्या झटक्यात जॅकेटमधली हवा दबते आणि बाळाचे अंग व पट्टा यांच्यामध्ये पोकळी राहते. घरी एकदा करून पाहा: जॅकेटसह पट्टा आवळा, मग त्याची लांबी न बदलता बाळाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि पुन्हा बसवा. मी हे माझ्या मुलीबाबत केले तेव्हा पट्ट्याखाली माझी मूठ सहज गेली. तेव्हापासून पातळ कपडे, त्यावर पट्टा आणि पट्ट्यावरून पांघरूण, हा आमच्याकडचा नियम आहे. ज्यांना भेटायला जायचे ते प्रवास करू शकत असतील, तर त्यांनी दिवसाउजेडी रेल्वेने यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरा प्रतिसाद

वरील सूचना उत्तम आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. रस्ता धोक्याचा असेल तर प्रवास दोन दिवसांत विभागावा आणि अंधार पडण्याआधी मुक्काम करावा; पोहोचायची तारीख ठरली आहे म्हणून गाडी दामटू नये. धोका कमी करता येत असताना प्रवासच रद्द करणे हे सावधपणाचे नव्हे, दमल्याचे लक्षण वाटते, आणि साडेचार महिन्यांच्या बाळाच्या आईने दमलेले असणे मला पूर्ण समजते.

मात्र या सगळ्यात त्या सात वर्षांच्या मुलीचा विचार कोणी केलेला दिसत नाही. साधारण तीन वर्षांच्या आधीच्या आठवणी मोठेपणी बहुधा राहत नाहीत, त्यामुळे बाळाला ही भेट आठवणार नाही. मुलीला मात्र आयुष्यभर आठवेल. मी तिच्या वयाची असताना आम्ही थंडीत काकांकडे जात असू. पोहोचायला रात्र होई. काकू आमच्या अंथरुणात तासभर आधीच गरम पाण्याची पिशवी ठेवून देत, आणि बर्फासारखे पाय त्या उबेला लागत तेव्हा प्रवास संपल्याचे कळे. काकू जाऊन बारा वर्षे झाली. एका वर्षी धाकट्या भावाच्या जन्मामुळे आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्या घरी नव्हत्या. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. टाळलेली भेट पुढे ढकलली जाते असे आपण धरून चालतो आणि दर वेळी तसे होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

चौथा प्रतिसाद

जावे की न जावे यापेक्षा किती दिवस जावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ बदलांना ताणाचे गुण दिले, तेव्हा सुट्टीच्या प्रवासाला १३ आणि सासरच्या मंडळींशी खटके उडण्याला २९ गुण दिले होते. दहा दिवस एका छताखाली राहिले की पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर कधी होते ते कळतही नाही. जायचेच तर तीन-चार रात्री जावे. शिवाय पाहुण्यांची खोली वर्षभर बंद असते, तिच्याकडे आधी लक्ष द्यावे. थंडीत घराच्या आतले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ऊब आणण्यासाठी बंद खोलीत शेगडी किंवा जळणावर चालणारा हीटर रात्रभर कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

मूळ मुद्दा मांडणारीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काकूंची ती गरम पाण्याची पिशवी वाचून मी फोन उचलला आणि नवऱ्याला मध्ये न घालता थेट सासूबाईंशी बोलले. बाळाची आणि बाबांची, दोघांचीही मला भीती वाटते, हे पहिल्यांदाच सरळ शब्दांत सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून फार दुखतात, दहा दिवस आठ माणसांचे करणे त्यांना झेपत नाही, पण तुम्ही इतक्या लांबून येता तेव्हा 'कमी दिवस या' असे कोणत्या तोंडाने सांगायचे म्हणून त्या बोलल्या नाहीत. नणंदेची चार माणसेही त्याच दिवसांत तेथे असतात, हे मूळ मुद्द्यात लिहायचे राहिले होते. सासऱ्यांना मात्र आम्ही यायला हवेच आहे, आणि त्यात तडजोड नाही.

आता असे ठरते आहे की नवरा आणि मुलगी सुट्टीत चार दिवसांसाठी रेल्वेने जातील, दोघेही आधी लस घेतील, आणि बाळाला घेऊन मी थंडी ओसरल्यावर जाईन. नणंदेचे कुटुंब वेगळ्या आठवड्यात येईल.

पहिल्या प्रतिसादातील आजी

तुम्ही बोललात हे फार चांगले केलेत, आणि त्या माउलीच्या गुडघ्यांचे दुखणे तुमच्यापर्यंत पोहोचले याचा मला आनंद आहे. तरीही मला हा तोडगा पूर्णपणे मान्य नाही. आजोबांनी बाळाला अजून हातात घेतलेले नाही, ते तुम्ही लिहिले नसले तरी वयाच्या हिशेबावरून दिसतेच आहे. थंडी ओसरल्यावर जाणार म्हणजे नेमके कोणत्या तारखेला, ते आजच ठरवून त्यांना कळवा.