गोळी आणि ठोकळा: १५ मीटर कसं येईल?

१० ग्रॅमची गोळी ३०० मी./से. वेगाने टांगलेल्या २.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात रुतते, ठोकळा किती वर जाईल? या प्रश्नाच्या एका उत्तरात कुणीतरी थेट ऊर्जा अक्षय्यता (एकूण ऊर्जा टिकते हा नियम) लावून १५ मीटर काढलेत. अहो, म्हणजे जवळपास पाच मजले! तिथेच शंका यायला हवी.

रुतण्याचा क्षण आणि नंतरचा झोका वेगळे धरा. रुतताना संवेग (वस्तुमान × वेग) टिकतो, गतिज ऊर्जा नाही. ०.०१ × ३०० = ३ × वेग, म्हणून वेग १ मी./से. ऊर्जेचं सूत्र त्यानंतर: उंची = १ ÷ (२ × ९.८), साधारण ५ सेंमी. बस्स. १७४२ मध्ये इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने हेच उलटं मांडलं होतं: झोका मोजायचा आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा.

आता खरी गंमत. गोळीकडे ४५० जूल होते, झुलायला उरले दीड. बाकीचे लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेले. ती सगळी उष्णता एकट्या शिशाच्या गोळीत राहिली असती, तर हिशेबाने तापमान साडेतीनशेच्या आसपास अंशांनी वाढायला हवं. पण शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळायला लागतं, त्यामुळे पुढे अप्रकट उष्माही (तापमान न वाढवता फक्त वितळवण्यात जाणारी उष्णता) धरावा लागेल. ते गणित करून बघा.