'चाचा'चं स्त्रीलिंग काय? चाची, चाचीण की आणखी काही?

सुकाणू:
अनुवादात एक वाक्य अडलंय: 'ती आपल्या काळातली सर्वांत बलाढ्य ... होती.' गाळलेल्या जागी 'चाचा'चं, म्हणजे समुद्री लुटारूचं, स्त्रीलिंग हवंय. विषय चंग यी साओ. नवरा चंग यी नोव्हेंबर १८०७ मध्ये वारल्यावर दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचा सहा ताफ्यांचा संघ जिनं हाती घेतला, ती. नियमानं आकारान्ताचं ईकारान्त केलं तर 'चाची' होतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिंदीतली काकू उभी राहते. 'चाचेराणी' नाटकी वाटतं, 'महिला चाचे' सरकारी पत्रकातलं. छापता येईल असा शब्द सुचवा.

मोडीवाचक:
'चाची' अडतंय कारण आपण अनुस्वार टाकून दिला. जुन्या छापील मराठीत 'चांचा, चांचे, चांचेगिरी' असंच आहे. गुजरातीत अजून 'चांचियो' म्हणतात आणि तो अनुस्वार बोलतातही. 'चांची' लिहा, काकूचा प्रश्नच उरत नाही.

रानजाई:
न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले. एका शब्दासाठी सोयीचा म्हणून परत आणला तर उद्या 'नांव' आणि 'कांही'सुद्धा परत येतील. 'चाचीण' का नको? नाखवा-नाखवीण आहेच की. तोही आकारान्त, तोही दर्यावरचा.

खाडीकाठ:
नाखवीण म्हणजे नाखव्याची बायको. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मराठीत हुद्द्याला -ईण लागली की बहुतेक वेळा अर्थ 'त्याची बायको' असा होतो, 'ते काम करणारी' असा नाही. या बाईबद्दल लिहिताना नेमकी हीच गल्लत टाळायला हवी. १८०१ मध्ये लग्न झाल्यापासून ती चंग यीची बायको होतीच, पण १८०७ नंतर जे चाललं ते तिच्या हुकमावर.

मोडीवाचक:
मग माळीण, कोळीण? कोळीण मासळी विकते, स्वतःचा धंदा करते.

खाडीकाठ:
ते जातिव्यवसायाचे शब्द, तिथे बाई जन्मानंच त्यात असते. चाचेगिरी हा हुद्दाही नाही आणि जातही नाही. शिवाय चिनी नावातच नातं दडलेलं आहे. 'साओ' म्हणजे थोरल्या भावाची बायको. 'चंग यी साओ' याचा सरळ अर्थ 'चंग यी वहिनी'. खलाशी तिला वहिनीच म्हणत होते. इंग्रजीत रुळलेलं दुसरं नाव 'चिंग शिह'. त्यातला 'शिह' हा लग्न झालेल्या बाईच्या कुळनामाला जोडायचा शब्द, म्हणजे 'चंगांच्या घरची'. त्यामुळे 'शिहनं हुकूम दिला' असं वाक्य मराठीत येता कामा नये. तिचं माहेरचं नाव शी यांग.

सुकाणू:
नावाच्या लेखनाबद्दलही विचारणारच होते. 'झेंग' की 'चंग'?

रानजाई:
लोक 'झेंग' लिहितात, आंतरजालावर शोधलं तरी तेच सापडतं. तेच ठेवा.

खाडीकाठ:
शोधयंत्रासाठी मराठी लिहायचं नसतं. आजच्या रोमन पद्धतीत तिथे जी 'zh' ही अक्षरजोडी आहे तिचा उच्चार अघोष आणि अल्पप्राण आहे, म्हणजे आपल्या 'च'च्या जवळचा. 'झ' घोष आणि महाप्राण, दोन्ही बाजूंनी लांब. इंग्रजीला अल्पप्राण-महाप्राण भेद नाही म्हणून त्यांची अडचण होते. आपल्याकडे अक्षर तयार असताना आपण का अडायचं? स्थानिक कँटोनी बोलीत हेच नाव 'चेंग यात सोउ'च्या जवळ जातं. ती ग्वांगतुंगची, शिनहुई भागातली, तेव्हा त्या भागात याच उच्चारानं हाक मारली जात असणार.

दीपमाळ:
'चाचा' शब्दाबद्दल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पिपावावजवळ चांच नावाचं बंदर आहे. तिथले ते चांचिये, अशी गुजरातीत व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे शब्द मुळात गावावरून आलेला. त्याला मराठी लिंगाचे नियम लावण्यात अर्थ नाही.

मोडीवाचक:
गावावरून चाचे की चाच्यांवरून गावाचं नाव, हे कोणी ठरवलं? चांच म्हणजे गुजरातीत चोच. चोचीसारखी पुढे आलेली नाळ, म्हणजे पुढचं टोक, असलेलं जहाज, त्यावरचे ते चांचिये. मला ही जास्त पटते.

दीपमाळ:
पटते म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही. टोकदार नाळ तर व्यापारी गलबतांनाही असायची. आणि शब्द कुठूनही आला असला तरी 'खलाशी' आपण अरबीतून घेऊन मराठी नियमानं चालवतोच की, हे माझ्याच मुद्द्याविरुद्ध कोणी म्हणायच्या आधी सांगते: 'खलाशी'चं तरी स्त्रीलिंग कुठे आहे?

पाणसाप:
गोव्याकडचा एक धागा. मार्क्विस ऑफ ईली या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी रिचर्ड ग्लासपूल सप्टेंबर १८०९ मध्ये चंग यी साओच्या लोकांच्या हाती सापडला आणि डिसेंबरमध्ये सुटला. तो आपल्या वृत्तान्तात या लोकांना सगळीकडे 'लाद्रोन' म्हणतो. हा मकावच्या पोर्तुगीजांचा शब्द, अर्थ चोर. कोंकणीत 'लाद्रांव' आजही आहे, शिवीसारखा. मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता, म्हणजे दोन्ही बंदरांत एकाच सरकारच्या कागदांवर हा शब्द फिरत होता. चाचा, लुटारू, लाद्रांव ही सगळी समोरच्यानं दिलेली नावं आहेत, हे अनुवाद करताना लक्षात असू द्या.

रानजाई:
म्हणून तर म्हणते, 'सरखेल' म्हणा. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांनी चाचाच म्हटलं होतं.

मोडीवाचक:
अजिबात नको. सरखेल हे छत्रपतींनी दिलेलं आरमारप्रमुखाचं पद आहे. आंग्रे राज्याच्या वतीनं दस्तक, म्हणजे सागरी परवाना, देत होते आणि ते नसलेलं जहाज धरत होते. चंग यी साओच्या मागे कोणतंही राज्य नव्हतं. चंग यी आधी व्हिएतनाममधल्या तायसोन राजवटीसाठी लढत होता, पण ती राजवट १८०२ मध्ये बुडाली आणि ही मंडळी आश्रयाविना चीनच्या किनाऱ्यावर परतली. १८०५ मध्ये सात म्होरक्यांनी आपसात लेखी करार केला, एक जण लवकरच बाहेर पडला, उरले सहा: लाल, काळा, पांढरा, हिरवा, निळा आणि पिवळा बावटा. यात पद देणारा धनी कुठे आहे? 'सरखेल' लिहिलंत तर आंग्र्यांनाच खाली ओढाल.

पाणसाप:
राज्य नव्हतं हे खरं, पण दस्तक होतंच. किनाऱ्यावरची मिठाची गलबतं, मच्छीमार, व्यापारी यांच्याकडून पैसे घेऊन हे लोक सही केलेला परवाना द्यायचे आणि संघातल्या दुसऱ्या ताफ्याला तो मानावा लागे. परवाना असलेलं गलबत कोणी लुटलं तर लुटणाऱ्याला भरपाई द्यावी लागे. परवान्याची किंमत यातच आहे. पैसे भरूनही दुसऱ्या रंगाच्या बावट्यानं लुटलं तर पुढच्या वर्षी कोण पैसे भरेल? सुकाणू, तुमच्या इंग्रजी लेखात याला बहुधा 'संरक्षणाचा पैसा' अशा अर्थाचा शब्द असेल. तिथे काय लिहिताय?

सुकाणू:
'खंडणी' लिहिलंय. आणि ग्लासपूलच्या सुटकेसाठी दिलेल्या रकमेलाही 'खंडणी'च.

दीपमाळ:
ही चूक मात्र सुधारायलाच हवी. खंडणी 'खंडणे'वरून आली: रक्कम ठरवून टाकणे, खंडून घेणे. ठरावीक काळानं द्यायची, आधी ठरलेली रक्कम म्हणजे खंडणी. मिठाच्या गलबतांनी दिलेली ती खंडणी बरोबर. माणूस सोडवायला दिलेली ती 'सोडवणूक'. वर्तमानपत्रांनी अपहरणाच्या बातम्यांत दोन्हीला खंडणी म्हणून भेद पुसून टाकला.

रानजाई:
पुसला गेला तर गेला. आज 'ओलिसासाठी सोडवणूक दिली' वाचून कोणाला कळणार आहे? वाचक थांबतो, अनुवाद तिथेच पडतो.

दीपमाळ:
'सोडवणुकीची रक्कम' लिहा, कोणीही थांबणार नाही. आणि या प्रसंगात भेद ठेवणं गरजेचंच आहे, कारण सोडवणूक पैशांतच नव्हती. उंची किरमिजी कापडाचे दोन गठ्ठे, अफूच्या दोन पेट्या, दारूगोळ्याची दोन पिंपं, एक दुर्बीण आणि बाकी स्पॅनिश डॉलर. मिळून ७,६५४ डॉलरांचा हिशेब. माल मोजून घेताना म्होरक्यानं दुर्बीण नवी नाही म्हणून हरकत काढली. दुसरी आणा, नाही तर १०० डॉलर द्या, तोवर एक माणूस इथेच राहील. शेवटी १०० डॉलरांवर मिटलं. ठरलेली खंडणी वसूल करताना अशी वस्तूगणिक घासाघीस होत नाही.

पाणसाप:
'दारूगोळ्याची पिंपं' नको, बंदुकीच्या दारूची पिंपं. गोळे नव्हते त्यात.

सुकाणू:
बरं. मग लुटीच्या वाटणीबद्दल: दहातले दोन भाग लुटणाऱ्याला, आठ भाग 'जनरल फंडा'त. 'सामायिक निधी' लिहिलाय.

मोडीवाचक:
'निधी' आजच्या बँकेतला. मूळ वर्णनात ते कोठार आहे. धान्य, कापड, दारू, नाणं सगळं त्यात. 'सामायिक कोठी' म्हणा. आधी नोंद, मग वाटप. कोठीतून परवानगीशिवाय काही उचललं तर देहदंड. नोंद ठेवणाऱ्याला कारकून म्हणू नका, कोठावळा म्हणा.

खाडीकाठ:
कोठावळा माल सांभाळतो. इथला माणूस नोंदवही ठेवायचा आणि परवानग्याही त्याच्याकडूनच घ्याव्या लागायच्या. 'फडणीस' जास्त जवळचा. आणखी एक, ही कलमं सर्रास 'तिची आचारसंहिता' म्हणून छापतात. युआन युंगलुन यांच्या १८३० च्या चिनी वृत्तान्तात ती चांग पाओच्या नावावर आहेत. चांग पाओ हा चंग यीनं पकडून आणलेला कोळ्याचा पोर, पुढे मानलेला मुलगा, लाल ताफ्याचा नायक आणि शेवटी तिचा दुसरा नवरा. परवानगीशिवाय किनाऱ्यावर गेला तर सगळ्या ताफ्यासमोर कान टोचायचे, पुन्हा गेला तर देहदंड, हेही कलम त्याचंच. अनुवादात 'तिनं नियम केले' असेल तर बदला.

रानजाई:
हुकमत तिची, मग नियम त्याचे कसे? पुन्हा बाईचं काम पुरुषाच्या नावावर.

खाडीकाठ:
ग्रंथात जे नाव आहे ते लिहायचं, आवडतं म्हणून बदलायचं नाही. लेखी अर्जाशिवाय काहीही होऊ द्यायची नाही, लुटीची प्रत्येक वस्तू वहीत चढवून घ्यायची, याचं श्रेय त्याच ग्रंथात तिला दिलेलं आहे. तिचं महत्त्व दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

पाणसाप:
'फायर-शिप'लाही शब्द लागेल. नोव्हेंबर १८०९ मध्ये हाँगकाँगच्या लांताव बेटाच्या तुंगचुंग खाडीत सरकारी आरमारानं ताफा कोंडला आणि आठ पेटती जहाजं दोन-दोनच्या जोडीनं आत सोडली. वारा आणि भरती दोन्ही खाडीच्या दिशेनं, जहाजं एकमेकांना खेटून उभी. तरी डाव फसला. एकेक जहाज साधारण तीस टनांचं, पोटात पेंढा आणि लाकूड, स्फोटक सामान वर फळीवर थोड्याशा पेट्यांत. जवळ आलेलं जहाज यांनी वाशांनी रेटून दूर लोटलं, मग सगळी ओढत किनाऱ्याला नेली, विझवली आणि फोडून जळण केली. 'अग्निनौका' म्हटलं की वाचक बंब समजेल. 'पेटतं गलबत' सोपं आणि नेमकं.

सुकाणू:
शेवटचा परिच्छेद 'शरणागती'चा आहे. ते तरी बरोबर आहे ना?

मोडीवाचक:
नाही. १८१० मध्ये ती १७ बायका-मुलं घेऊन, शस्त्राशिवाय, ग्वांगचौला प्रांताधिकारी पाय लिंगच्या कचेरीत गेली आणि अटींवर बोलली. एप्रिलमध्ये १७,३१८ माणसं, २२६ जहाजं आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. पण चांग पाओला सैन्यात हुद्दा आणि स्वतःची २०-३० जहाजं मिळाली. शरण जाणाऱ्याला असं मिळत नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत अशा अभयाच्या वचनाला 'कौल' म्हणतात: 'कौल घेऊन आली'.

दीपमाळ:
कौल देणारा वरचढ असतो. इथे कोण वरचढ होतं? काळ्या बावट्याचा म्होरक्या क्वो पोताय आधीच फुटून सरकारकडे गेला होता हे खरं, पण सरकारी आरमारालाही दोन वर्षांत यांना बुडवता आलं नव्हतं. 'तह' म्हणा.

मोडीवाचक:
तह दोन सत्तांमध्ये होतो. तो शब्द वापरलात तर सरखेलचा वाद पुन्हा सुरू होईल.

रानजाई:
'समेट'?

खाडीकाठ:
समेटात तोफा द्याव्या लागत नाहीत. चिनी शब्दाचा अर्थ 'बोलावून शांत करणे' असा आहे. कौलच त्यातल्या त्यात जवळ, फक्त 'अभयाचा कौल' असं पूर्ण लिहा, नाही तर घरावरचे कौल समजतील.