जोखमीच्या शिफारशीबद्दल दलालाविरुद्ध तक्रार टिकेल का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचा मोठा हिस्सा दलालाच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून एकाच क्षेत्रातील समभागांत गुंतवला. खाते उघडण्याच्या अर्जावर ‘जोखीम : कमी’ या चौकटीत माझीच खूण आहे. आता तोटा झाल्यावर मात्र दलालाकडून ‘निर्णय तुमचाच होता’ असे सांगितले जाते.

उत्तर १ : केवळ तोटा झाला म्हणून तक्रार टिकत नाही, बाजार पडतोच. शिफारस केली त्या वेळी ती आपले वय, उत्पन्न आणि उद्दिष्ट यांच्याशी सुसंगत होती का, हा खरा मुद्दा आहे. म्हणून तो अर्ज हाच आपला भक्कम पुरावा. मात्र दलालाकडील प्रतही मागवावी, कारण मध्येच ‘कमी’चे ‘मध्यम’ झाले असेल, तर त्या बदलाखाली सही कोणाची आहे, हे तपासावे लागेल.

उत्तर २ : सहमत. शिफारस दूरध्वनीवर झाली असल्यास ती झालीच नाही, असा पवित्रा घेतला जाऊ शकतो, तेव्हा ध्वनिमुद्रणाची मागणी आजच लेखी करावी. तक्रार प्रथम दलालाच्या अनुपालन अधिकाऱ्याकडे (नियम पाळले जातात का, हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आणि समाधान न झाल्यास बाजाराच्या नियामकाकडे किंवा लवादाकडे न्यावी.

प्रश्नकर्ता : संदेश जपून ठेवले आहेत; एकात ‘यात धोका नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे.

उत्तर १ : मग तोच संदेश तारखेसह तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात द्यावा.