साथीचे शोधनिबंध यंत्राने चाळावेत का?

ग्रंथपाल, राजारामपुरी
पुढच्या साथीत जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी शोधनिबंध चाळायला मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक, वापरावं, असं मी परवा एका बैठकीत सुचवलं, तर निम्मे लोक उखडले. माझं मत ठाम आहे, वापरायलाच हवं. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने मार्च २०२० मध्ये कोविडवरच्या निबंधांचा कॉर्ड-१९ हा संच खुला केला तेव्हा त्यात तीस हजारांच्या आत निबंध होते. जून २०२२ मध्ये तो बंद झाला तेव्हा दहा लाखांच्या वर. एवढं वाचायला माणसं आणायची कुठून?

फार्मसीवाली, शाहूपुरी
मला हे पटत नाही. २२ मे २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर निबंध आला, रुग्ण ९६ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. ४ जूनला निबंधच मागे घेतला, कारण मूळ माहिती तपासायलाच मिळेना. तुमच्या यंत्राने तो पहिल्या नंबरला ठेवला असता. विषय नेमका, आकडा मोठा! खरं-खोटं त्याला कुठलं कळतंय?

पीएसएमचा (सामाजिक वैद्यकशास्त्राचा) रेसिडेंट
मॅडम, तो निबंध माणसांनीच तपासून छापला होता. यंत्राचं काम एवढंच, आधी काय वाचायचं ते सांगणं. नेदरलँड्सच्या युट्रेख्त विद्यापीठाचं एएसरिव्ह्यू हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. शीर्षक आणि सारांश समोर येतो, आपण ‘हवा’ किंवा ‘नको’ म्हणायचं. उंदरांवरचा प्रयोग, नको. रुग्णांवरची रँडमाइज्ड चाचणी (कुणाला कुठला उपचार ते चिठ्ठी टाकून ठरवलेली), हवा. आपली निवड बघून ते उरलेल्यांचा क्रम बदलत जातं. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा चाचण्या ओळखणारं यंत्र बसवलं तेही शंभरातल्या ९९ चाचण्या हातून सुटू नयेत, असा उंबरठा ठरवूनच. नुसत्या डोळ्यांनी रात्री दोन वाजता गठ्ठा चाळणाऱ्याच्या हातून किती सुटतात, ते आम्हाला विचारा.

फार्मसीवाली, शाहूपुरी
ते ९९ जुन्या, ओळखीच्या नमुन्यांवरचे. मे २०२१ आठवा. शुगरच्या पेशंटचा गाल सुजलेला, डोळा लाल, आणि नातेवाईक ॲम्फोटेरिसिनची चिठ्ठी घेऊन दुकानं पालथी घालत होते. २०२० भर ‘फुप्फुस, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर’ यालाच ‘हवा’ म्हणत आलेल्या यंत्राने म्युकरवरचा, म्हणजे या काळ्या बुरशीवरचा, निबंध तळाला टाकला असता. साथीत जे नवीन असतं तेच आधी दिसायला हवं, आणि हे यंत्र शिकतं जुन्यावरून. माझी खरी भीती ही आहे.

ग्रंथपाल, राजारामपुरी
हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून यंत्राने तळाला टाकलेल्या बाद गठ्ठ्यातून दर आठवड्याला थोडे निबंध चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि माणसाने वाचायचे, हे नियमातच बसवू. वाचणारे डॉक्टर वॉर्डातले हवेत, म्हणजे डोळ्यांसमोर बदललेला आजार त्यांना ओळखू येईल.

फिजिशियन, ताराबाई पार्क
तुम्ही दोघं शोधण्यावरच भांडताय. आयसीएमआरची प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याची, चाचणी आपल्याच देशातली, ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, फायदा दिसला नाही. प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या एप्रिलमध्ये लोक दाते शोधत रात्रभर फोन फिरवत होते. निबंध सापडलेला होता! मला यंत्र हवंय, पण त्याने वर आणलेलं वाचून आठवड्याच्या आत उपचारांची यादी बदलायचा अधिकार कुणाच्या हातात राहणार, ते त्याच ठरावात लिहा.

फार्मसीवाली, शाहूपुरी
तसा ठराव होणार असेल तर माझा विरोध मागे. बाद गठ्ठा वाचणाऱ्यांत एक फार्मासिस्ट घ्या, कुठलं औषध लोक अचानक मागायला लागलेत ते आम्हाला काउंटरवर आधी कळतं.