अग्निशामक जवानांची पगारवाढ : तुमच्या घरचा अनुभव काय सांगतो?

मृण्मयी
गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात दोघांचे बोलणे कानावर पडले. महापालिकेच्या सभेत अग्निशामक जवानांच्या वेतनवाढीचा विषय यायचा होता आणि त्यांतले एक गृहस्थ म्हणत होते, "आग काय रोज लागते? दिवसभर कॅरम तर खेळतात." मी काही बोलले नाही, घरी येऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. माझे वडील ३१ वर्षे फायरमन होते आणि त्यांच्या पगाराच्या पावत्या आईने दोऱ्यात ओवून जपून ठेवल्या आहेत. १९८९ सालच्या एका पावतीवर 'धुलाई भत्ता' या शीर्षाखाली १५ रुपये आहेत. रात्रीच्या वर्दीवरून, म्हणजे आगीच्या बोलावण्यावरून, वडील परतले की आई त्यांचे खाकी कपडे उकळत्या पाण्यात सोडा घालून बुडवून ठेवत असे. पाणी तीनदा काळे निघायचे आणि चौथ्यांदा स्वच्छ निघाले तरी जळक्या रबराचा वास काही जात नसे. तो आमच्या टॉवेलांनाही लागलेला असे. पंधरा रुपयांत महिन्याचा सोडा येई, साबण घरचा.

कॅरमही खरा आहे. वडील उत्तम खेळत. पण घंटा झाली की स्ट्रायकर जिथे असेल तिथे राहायचा.

ज्यांच्या घरात कोणी या नोकरीत आहे किंवा होते, त्यांनी न्याय्य वाढ म्हणजे नेमके काय, हे आपल्या अनुभवावरून लिहावे, अशी विनंती.

शाल्मली_क
सोड्याने कापड विरते. माझ्या सासूबाई रिठे वापरत आणि त्यांचे म्हणणे असे की वास रिठ्यानेच कमी होतो. सासरेही याच खात्यातले. कुकर लावला आहे, सविस्तर नंतर लिहिते.

जुना_तांडेल
मृण्मयीताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली.

सभेत टक्केवारीवर वाद होतो, तो ऐकून मला हसू येते. वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या ३ टक्के. ज्याचे मूळ वेतन २१,७०० आहे, त्याला महिन्याला ७०० रुपये वाढतात आणि ज्याचे ५६,१०० आहे, त्याला १,७००. टक्का सारखाच, पण होजची ब्रांच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचे तोंड, हातात धरून जिना चढणारा ७०० वाला असतो. महागाई भत्ता वाढला की लोक अभिनंदन करतात. अहो, तो वाढतो तेव्हा डाळ आधीच वाढलेली असते. त्याला पगारवाढ कसे म्हणायचे?

दुसरे दुखणे बढतीचे. वरची पदे मोजकी असल्याने चांगला जवान वर्षानुवर्षे त्याच हुद्द्यावर राहतो आणि १०, २० व ३० वर्षांनी मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावर समाधान मानतो. पगार सरकतो, खांद्यावरची पट्टी नाही.

हिशेबनीस
मी एका महापालिकेच्या लेखा विभागात होतो, त्यामुळे येथे अप्रिय बाजू मांडावी लागणार. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांमध्ये आहे. म्हणजे जबाबदारी शहराची आणि पैसाही मुख्यतः शहराच्याच तिजोरीतला. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की नव्या भरतीची परवानगी अडते. त्यामुळे 'वाढ द्या' आणि 'रिक्त जागा भरा' या दोन्ही मागण्या एकाच रकान्यात येऊन एकमेकींना ढकलतात. मी स्वतः अशा टिपण्या लिहिल्या आहेत, ज्यांत जवानांचा जोखीम भत्ता 'तूर्त शक्य नाही' असे म्हटले होते. चूक हिशेबात नव्हती. पण आम्ही त्यांना आणि कार्यालयातल्या लिपिकांना एकाच तक्त्यात बसवत होतो, ते मला आज पटत नाही.

जुना_तांडेल
साहेब, 'तूर्त' हा शब्द आपलाच होय! आमच्या केंद्रात त्यावर पैजा लागत असत.

हिशेबनीस
तांडेलसाहेब, तो शब्द मलाही वरूनच मिळाला होता. पैज कोण जिंकत असे?

जुना_तांडेल
'तूर्त'वाला. नेहमी.

पाटलीण_बाई
सगळे ३ टक्क्यांवर बोलत आहेत. माझे यजमान कंत्राटी फायरमन आहेत. त्यांना वेतनश्रेणीच नाही, मग टक्का कशाचा काढणार? बंब तोच, वर्दी तीच, शेजारी बसलेला कायम जवान मात्र दुप्पटीहून अधिक घेतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो आणि त्या मधल्या दिवसांत यांचा फोन वाजला की मीच आधी उचलते. मुलाची बस आली, थांबते.

टेम्सकाठचा
मी पंचवीस वर्षे ब्रिटनमध्ये आहे. येथे २००२ मध्ये अग्निशामकांनी ३०,००० पौंड वार्षिक पगाराची, म्हणजे जवळपास ४० टक्के वाढीची मागणी करून संप केला होता. तेव्हा लष्कराचे जवान 'ग्रीन गॉडेस' नावाचे १९५० च्या दशकातले हिरवे बंब घेऊन रस्त्यांवर उतरले होते. मी नवा होतो, तळमजल्यावर राहत होतो, तरी त्या दिवसांत रात्री शेगडीचे बटण दोनदा तपासत असे. शेवटी तीन वर्षांत मिळून १६ टक्क्यांवर तडजोड झाली आणि तीही कामाच्या पद्धती बदलण्याच्या अटीवर. २०२३ मध्ये संपाचा कौल झाला. पण ७ आणि मग ५ टक्के वाढ मान्य झाल्यामुळे संप टळला. येथला मुख्य वाद पूर्वीच्या वर्षांत महागाईने खाल्लेले कोण भरून देणार, हा होता. तांडेलसाहेबांची डाळ येथेही आहे.

आर्या_भायखळा
१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक गेले, म्हणून त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. असे काही झाले की आर्थिक मदतीची घोषणा तातडीने होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु जो आगीतून सुखरूप परततो आणि पन्नाशीत खोकू लागतो, त्याची नोंद कुठल्या तक्त्यात होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाचा समावेश कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात केला. माझे वडील ज्या काळात काम करत, तेव्हा बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्याची उपकरणे, मोजके असल्याने बाकीचे ओला रुमाल बांधून आत जात. मला टक्का नको आहे. निवृत्तीनंतरही दरवर्षी छातीची तपासणी मोफत व्हावी आणि तिला पगाराचाच भाग मानावे.

शाल्मली_क
परत आले. आर्याताईंचा रुमाल वाचून लिहायचे होते ते बदलले. सासऱ्यांच्या कपाटात तसे सात रुमाल आहेत, सगळे एका कोपऱ्यात पिवळे पडलेले. ते ७१ व्या वर्षी दोन जिने चढताना एकदा थांबतात आणि थांबले की खिडकीतून काहीतरी पाहत असल्यासारखे करतात. तपासणीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

हिशेबनीस
आर्याताई, तपासणीचा खर्च आस्थापनेत न धरता आरोग्याच्या शीर्षाखाली धरला, तर ३५ टक्क्यांची अडचण येणार नाही. हे तेव्हा सुचायला हवे होते.

मृण्मयी
सर्वांची उत्तरे आईला वाचून दाखवली. कंत्राटी फायरमनच्या पत्नीचे दोनदा वाचायला लावले. मग तिने माझी एक चूक काढली : पंधरा रुपयांत महिन्याचा सोडा येत नसे, वीस तारखेला संपत असे.